अर्ध्या एकराच्या बोडीत रानबदकं घरटं करतील का?

प्रश्न नागपूरच्या एका वाचकाचा आहे, थोडक्यात असा: "कुही तालुक्यात आमची तीन एकर शेती आहे आणि तिच्यात आजोबांच्या वेळची अर्ध्या एकराची बोडी, म्हणजे छोटं तळं. दोन वर्षांपूर्वी गाळ काढून ती बारा फूट खोल केली, चारही बाजूंनी दगडी पिचिंग केलं, काठावर लॉन लावलं, सोलरचे दिवे बसवले, शोभेला सहा पांढरी बदकं सोडली. हिवाळ्यात रानबदकं दोनदा उतरली आणि दहा मिनिटांत उडून गेली. मला ती इथे अंडी घालताना, पिल्लं फिरवताना बघायची आहेत. काय लावू? काय खायला घालू?"

खायला काहीही घालू नका. पाव, मुरमुरे, शिळा भात टाकला की पाणी नासतं, उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात आणि गावातली कुत्री तळ्याची वाट शिकतात. बदक येत नाही ते नाहीच.

आता मूळ प्रश्न. तुमच्या बोडीत रानबदकं घरटं करू शकतात. मात्र दोन वर्षांत जे केलंत त्यातलं बरंचसं उलटवावं लागेल, हे आधी ऐकून घ्या. मी गेले बावीस पावसाळे लोकांच्या बोड्या आणि शेततळी पाखरांसाठी नीट करून देतोय. दर दुसऱ्या मालकाने हेच केलेलं असतं: सगळा पैसा पाण्यावर घातलेला आणि काठाचा जीव घेतलेला.

जुलैमध्ये कुहीत पाण्याचा काय तोटा आहे? धानाच्या बांध्या भरलेल्या असतात, रस्त्याकडेचे खड्डे भरलेले असतात, आणि तुमच्या शेजारी गोसीखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी पसरलेलं आहे. पोहायला बदकीला हजार जागा आहेत. तिला मिळत नाही ती साडेतीन-चार आठवडे कुणी पाय ठेवणार नाही अशी कोरडी, झाकलेली, पाण्यालगतची हातभर जागा. गोसीखुर्दच्या काठाला पाण्याची पातळी वरखाली होते, गुरं चरतात, जाळी लागतात. मोठ्या पाण्याकडे नसलेली हीच एक गोष्ट तुमची छोटी बोडी देऊ शकते. हिवाळ्यात आलेली बदकं दहा मिनिटांत गेली याचं वाईट वाटून घेऊ नका. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक हे ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून येणारे पाहुणे. ते मार्चच्या आसपास परत जातात आणि त्यांचं घरटं इथे होतच नाही. लालसरीसारख्या बुडी मारणाऱ्या बदकांना तर उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं, त्यांना तुमची बोडी धावपट्टी म्हणून पुरणार नाही. त्यांचा नाद सोडा.

आपल्याकडे राहून वीण करणारी बदकं मोजकीच आहेत. पहिलं हळदी-कुंकू. चोच काळी, टोकाला हळदीची पिवळी पट्टी आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचा ठिपका, म्हणून हे नाव. हे जमिनीवर गवताच्या बुंध्यात घरटं करतं, साधारण सात ते नऊ अंडी. दुसरी अडई, म्हणजे उडताना शीळ घालणारं तपकिरी बदक. ती झाडाच्या ढोलीत बसते, कधी बगळ्या-कावळ्याच्या जुन्या घरट्यात, कधी दाट गवतात. रात्री धानात चरते, त्यामुळे कुही, मौदा, रामटेक या धानाच्या पट्ट्यात तिचं बरं चालतं. हीच बोडी काटोलच्या संत्र्याच्या बागेत असती तर मी अडईचं नाव इतक्या लवकर काढलं नसतं. तिसरं काणूक, आपल्याकडचं सगळ्यात लहान बदक, नर पांढराशुभ्र आणि पाठ हिरवट काळी. हे ढोलीतच अंडी घालतं. चौथा नकटा, नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असलेला, तोही ढोलीतला. तुमच्या जागेत पहिल्या तिघांची आशा धरा. नकटा आला तर गाव जेवायला घाला.

इथेच बहुतेकांचं वेळापत्रक चुकतं. यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघून लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये कामाला लागतात, पाण्यात गवताच्या नळ्या उभ्या करतात. त्या नळ्या तिकडच्या हिरव्या डोक्याच्या मालार्ड बदकासाठी असतात आणि ते बदक आपल्याकडे वीण करत नाही. आपल्या बदकांची वीण पावसावर चालते, मृग बरसला की जोड्या जागा बघू लागतात. विदर्भात जुलै ते ऑक्टोबर हा त्यांचा खरा हंगाम. म्हणजे मातीकाम एप्रिल-मेमध्ये, घरट्याच्या पेट्या मेअखेरच्या नवतपाच्या आधी, आणि मृग लागल्यावर तुमचा हात बंद.

पहिलं काम जेसीबीचं. चारपैकी एका काठाचं पिचिंग काढून टाका. घरापासून, रस्त्यापासून सगळ्यात दूरचा काठ निवडा. दगडी उभ्या काठाला बदकाचं पिल्लू एकदा खाली उतरलं की वर चढू शकत नाही, आणि आईला पिल्लं चढणार नाहीत अशी जागा बरोबर कळते. काढलेल्या बाजूला उतार असा द्या की दहा फूट आत गेल्यावर खोली एक फूट व्हावी, तीस फुटांवर तीन फूट. साध्या शेततळ्याचा उतार दीड फुटाला एक फूट असतो, त्याच्या हे अगदी उलट आहे. रानबदक डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून चरतं, त्याची मान पोचते ती फूट-दीड फुटापर्यंत. बारा फूट पाणी त्याच्या उपयोगाचं नाही. पण ते मधोमध राहू द्या, ते उन्हाळ्यासाठी आहे. ऑक्टोबर ते मे आपल्या उन्हाने चार-पाच फूट पाणी नुसतं उडून जातं.

या उतारात एक बारीक गोष्ट आहे आणि ती चुकली की सगळं फुकट जातं. उतार कुठून मोजायचा? जेसीबीवाला उन्हाळ्यात येतो, त्याला खाली गेलेलं पाणी दिसतं, आणि तो त्या पाण्यापासून उतार काढून देतो. पावसाळ्यात तो सगळा सहा फूट पाण्याखाली जातो, काठ पुन्हा उभाच. वीण पावसाळ्यात होते, म्हणून मोजणी भरलेल्या पातळीपासून करा. बोडीचा सांडवा, आपल्याकडे ज्याला सलंग म्हणतात, त्याच्या माथ्याला पाण्याची लेव्हल नळी लावा आणि तीच रेघ चारी बाजूंनी चुन्याने मारा. उथळ भाग त्या रेघेपासून खाली, घरट्याची जागा त्या रेघेच्या वर फूट-दीड फूट. सलंगही साफ ठेवा. एका रात्रीत पाच-सहा इंच पाऊस झाला आणि सलंग काडीकचऱ्याने तुंबला तर बसलेल्या बदकीखाली पाणी येतं. मी पाण्यात तरंगणारी अंडी पाहिली आहेत.

निघालेल्या मातीचं बेट करा. अर्ध्या एकरात फार मोठं नको, बारा फूट बाय वीस फूट पुरे. काठापासून पंधरा फूट तरी दूर आणि मधल्या चरात चार फूट पाणी. कुत्रं, मुंगूस, कोल्हा, सगळे पोहतात, पण दमदार कारण असल्याशिवाय पोहत नाहीत, आणि तेवढं अंतर बहुतेक वेळा पुरतं. नुसत्या काळ्या मातीचं बेट पहिल्याच पावसात पसरून बसतं. आत मुरूम दाबून भरा, वर नऊ इंच काळी माती, आणि कडेने खस व लव्हाळा दाट लावा, मुळं माती धरून ठेवतात. वर झाड लावू नका. कावळ्याला टेहळणीची जागा आयती मिळते आणि बेटावरची अंडी त्याची झाली समजा.

माती परवडत नसेल तर तराफा. बांबूची सहा बाय आठ फुटांची चौकट, खाली तोंड घट्ट बंद केलेले वीस लिटरचे कॅन, वर काथ्याची चटई, तिच्यावर गाळ आणि लव्हाळ्याचे गड्डे. दोन बाजूंना पाण्यात बुडणारा उतरता फळीचा तुकडा हवाच, नाहीतर पिल्लू एकदा उतरलं की परत चढत नाही. दोरीला पाच फूट ढील द्या, पातळी वाढली की तराफा बुडायला नको. बांबू दोन-तीन वर्षांत कुजतो, बदलावा लागतो. माझ्या तराफ्यांवर हळदी-कुंकू कमी आणि टिटव्या, टिबुकल्या, कासवं जास्त बसली. तरी मी ते लावतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं, बेट काठाला जोडलं गेलं, तरी तराफा तरंगत असतो.

आता लॉन. नव्या केलेल्या काठाचं लॉन उपटा आणि तिथे काहीही करू नका. "काहीही करू नका" हे मालकांना सगळ्यात जड जातं, याची मला कल्पना आहे. पाहुणे येतात, गवत कमरेएवढं वाढलेलं दिसतं, माळी रिकामा बसलेला दिसतो. मी स्वतः यात शेकलोय. उमरेड रस्त्यावरच्या एका बोडीचं काम माझ्याकडे होतं. गणपतीचे दिवस, मालकाकडे पन्नास माणसं जेवायला, आणि मीच गड्याला सांगितलं की पाळीवरचं गवत मारून घे, पायवाट तरी दिसू दे. मशीन सुरू करून तो दहा पावलं गेला असेल. खसाच्या गड्ड्यातून बदक फडफडत निघालं आणि पंख मोडल्यासारखं जमिनीवर घसरत गेलं, आपल्याला घरट्यापासून लांब न्यायची ही तिची युक्ती. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. मशीन तोवर पुढे गेलेलं होतं. नऊ अंडी होती, मळकट पांढरी, तिने स्वतःच्या छातीच्या मऊ पिसांत गुंडाळून ठेवलेली. पाच फुटली. उरलेल्या चारांवर पिसं ओढून आम्ही निघून आलो, दोन दिवस लांबून दुर्बीण लावून बसलो. ती परत आली नाही. त्यानंतर मी प्रत्येक कामात पहिल्या दिवशी पांढऱ्या रंगाचे चार खांब रोवतो, आणि मृगापासून दिवाळीपर्यंत त्या खांबांच्या आत कुणीही जायचं नाही, मीसुद्धा, हे मालकाकडून कबूल करून घेतो. गवत कापायचं ते वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, तेही निम्मं. उरलेलं निम्मं पुढच्या वर्षी. जुन्या वाळल्या गवताचा बुंधा घरट्याला लागतो, नव्या कोवळ्या गवतात आडोसा नसतो.

अडई आणि काणूक यांची गोष्ट वेगळी, त्यांना जुनं झाड हवं. तुमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोह, चिंच, अर्जुन, आंबा यातलं म्हातारं झाड असेल तर त्याची वाळलेली फांदी तोडू नका. ढोली फांदी मोडलेल्या जागी पडते आणि ती व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. मोहाला चांगली पडते. झाड पाण्यापासून शंभर-दोनशे फुटांवर असलं तरी चालतं. नसेल तर पेटी.

पेटीसाठी सुताराकडे जाण्याआधी आरा मशीनवर जा. पोकळ निघालेले ओंडके तिथे जळणात टाकलेले असतात. दोन फूट उंचीचा, आतून फूटभर रुंद असा तुकडा घ्या, खाली-वर फळी ठोका, बाजूला भोक पाडा. काणूकसाठी चार इंच, अडईसाठी पाच. ओंडका मिळाला नाही तर आंब्याच्या फळ्यांची पेटी करा. प्लायवूड नको, दोन पावसात फुगून उलगडतं. वर पत्रा नको, आपल्या ४५ अंशांत आतली पाखरं भाजतील. तळाला पाणी जायला चार बारीक भोकं. आतल्या बाजूला भोकाच्या खाली पटाशीने आडवे खाचे मारा किंवा कोंबडीजाळीचा पट्टा ठोका, पिल्लांना नखं रोवून वर चढायला. आणि तळाशी तीन-चार इंच रंध्याचे छिलके घाला. हे विसरू नका. बदक चोचीत काड्या आणत नाही, तिला आत जे सापडेल त्यात ती खळगा करते. रिकाम्या गुळगुळीत पेटीत अंडी घरंगळतात आणि ती सोडून जाते. आरा मशीनचा बारीक भुसा मात्र नको, तो ओल धरतो.

उंची दहा-बारा फूट, तोंड पाण्याकडे, पश्चिमेचं ऊन अंगावर येणार नाही असं. पेटी पाण्यातल्या खांबावर लावत असाल तर खांबाला मधोमध तीन फूट गुळगुळीत पत्रा गुंडाळा. धामण आणि घोरपड दोघी अंड्यांच्या शौकीन आहेत आणि दोघी चढण्यात पटाईत. पत्र्यावर त्या घसरतात.

पेटी लावली म्हणजे बदक आलं असं होत नाही. माझ्या पेट्यांत पहिली दोन वर्षं साळुंक्या होत्या, मग पोपट, एकात पिंगळ्याची जोडी. हाकलू नका, त्यांची वीण बहुतांशी पावसाआधी उरकते. मेअखेरीस पेटी रिकामी असेल तर उघडून जुना कचरा काढा आणि नवे छिलके घाला. एका जागी तिसऱ्या पावसाळ्यात काणूक बसली. तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोहाखालच्या तट्ट्याआड होतो. साडेसातच्या सुमारास मादी बाहेर आली, खाली पाण्याच्या कडेला उतरून हलक्या आवाजात बोलावू लागली. भोकात एक काळंपांढरं डोकं दिसलं, अंगठ्याएवढं. ते दोनदा मागे गेलं, मग एकदम सुटलं, हात-पाय पसरून, आणि गवतात पडून चेंडूसारखं उसळलं. मग दुसरं. पाऊण मिनिटात एक सोडून सगळी खाली आली. ते शेवटचं बराच वेळ भोकात बसून राहिलं, मादी अर्धी वाट जाऊन परत आली, तेव्हा कुठे त्याने उडी टाकली. म्हणून सांगतो, झाडाखाली दगड, फरशी, पिचिंग नको. खाली गवत किंवा चिखल हवा.

पाण्यातल्या वनस्पतींबद्दल. दोन ते चार फूट पाण्यात कुमुद लावा, त्याच्या पानांवर कमळपक्षी फिरतात आणि तिथेच अंडी घालतात. त्यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं, मादी पुढच्या नराकडे निघून जाते. कमळ दिसायला मोहक, पण अर्ध्या एकरात ते तीन वर्षांत सगळं पाणी झाकतं. लावायचंच असेल तर सिमेंटच्या रिंगमध्ये. पाणकणीस एका कोपऱ्यातच राहू द्या, दरवर्षी मेमध्ये त्याची हद्द आखून बाकीचं मुळासकट काढा. उथळ कडेला देवधान आलं तर उत्तम, दाणाही मिळतो, आडोसाही. बेशरम दिसेल तिथे उपटा, नुसती कापली तर दुपटीने येते. जलपर्णीचं एक रोपही "फूल छान आहे" म्हणून आणू नका. रोपं नर्सरीतून विकत घेण्यापेक्षा जवळच्या मामा तलावावरच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावरच्या, ढिवर मासेमार मंडळींना विचारा. कोणती वनस्पती मासा धरते, कोणत्या गवतात बदक बसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे याच समाजाच्या लोकांनी तलावांतली बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. एकदा जाऊन बघून या, माझ्या उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

मासे किती सोडलेत ते तुम्ही लिहिलं नाही. गवत्या सोडला असेल तर काढा, तो पाण्यातली सगळी हिरवळ फस्त करतो. सायप्रिनस तळ उकरून पाणी कायम गढूळ ठेवतो, मग तळाला ऊन पोचत नाही आणि वनस्पती उगवत नाहीत. मोठा मरळ पाण्यावरचं पिल्लू खालून ओढतो. रोहू-कटला थोडे असले तर अडचण नाही. बदकांची पिल्लं पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवर वाढतात, डासाच्या अळ्या, चतुराची पिल्लं, पाणकिडे. माशांची गर्दी झाली की हे सगळं त्यांच्या पोटात जातं.

किड्यांवरून दुसरी गोष्ट निघते, फवारणी. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या कपाशी-मिरचीवर फवारलेलं औषध पावसाच्या पाण्याबरोबर बोडीत उतरतं. बोडी आणि पीक यांच्यामध्ये पंधरा-वीस फुटांचा गवताचा पट्टा सोडा. आणि गड्याला ताकीद द्या की फवाऱ्याचा पंप बोडीत धुवायचा नाही. एका पंपाच्या धुण्याने उथळ काठावरचे किडे मरतात.

ती सहा पांढरी बदकं. मला माहीत आहे तुमचा जीव जडला असेल, पण ती तळ्यावरून हलवा, वेगळं आवार करून तिकडे ठेवा. ती पाळीव आहेत, मालार्डच्या वंशातली, आणि हळदी-कुंकूशी त्यांचा संकर होऊ शकतो. काठ ती सतत चरून उघडा ठेवतात, जागेसाठी भांडतात. आणि रोगाचा धोका दोन्हीकडून आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, ते नागपूरकर विसरलेले नसतील. पाळीव आणि रानपाखरं एका पाण्यावर ठेवणं टाळलेलंच बरं.

सोलरचे दिवे त्या काठाचे तरी बंद करा. अडई रात्री हिंडणारी आहे, उजेडात ती उतरत नाही आणि शिकाऱ्यांना मात्र घरटं दिसतं. नायलॉनचं जाळं पाण्यावर ताणू नका, त्यात खंड्या आणि पाणकावळे अडकून मरतात. मासे धरायला लावलेल्या उभ्या जाळ्यात टिबुकल्या बुडून मरतात, म्हणून जुलै ते ऑक्टोबर जाळं बंद. कुत्र्यांसाठी रस्त्याच्या बाजूने चार फूट जाळीचं कुंपण पुरे. चारी बाजूंनी घालू नका. हळदी-कुंकू कधी कधी शंभर-दीडशे फुटांवर तुरीच्या ओळीत घरटं करतं आणि पिल्लांना चालवत पाण्याकडे आणतं, वाटेत जाळी आली तर आई एकीकडे आणि पिल्लं दुसरीकडे अशी ताटातूट होते.

ज्यांच्याकडे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे त्यांच्यासाठी एवढंच: ते पाखरांसाठी नाही. त्यात हरणं, कोल्हे, माणसंसुद्धा घसरून बुडतात. चारी कोपऱ्यांत गाठी मारलेले जाड काथ्याचे दोर किंवा जुन्या टायरांची शिडी सोडा आणि पाखरांसाठी बाजूला वेगळा उथळ खड्डा काढा.

बदकांसाठी केलेल्या कामावर बाकीचे आपोआप येतात. पाण्यावर ओणवलेली बाभूळ असू द्या, सुगरणी तिच्यावर घरटी टांगतात. मुरूम काढलेल्या जागी चार-पाच फुटांचा उभा कडा मोकळा ठेवलात तर वेडा राघू आणि खंड्या त्यात बिळं करतील. हातभर खडकाळ उघडी जागा टिटवीला. टिटवी तळ्याची पहारेकरी आहे, कुत्रं शंभर पावलांवर असतानाच ओरडून सगळ्यांना उठवते. दाट लव्हाळ्यात पांढऱ्या छातीची पाणकोंबडी येईल आणि पावसाळाभर रात्रंदिवस असं ओरडेल की पाहुण्यांची झोप मोडेल, त्याची तयारी ठेवा. हिवाळ्यात पाणी उतरून चिखल उघडा पडला की तुतारी, शेकाट्या, धोबी. तो चिखल "घाण दिसतो" म्हणून टँकरने पाणी भरू नका.

बघायचं कसं? घरट्याच्या समोरच्या काठावर, निदान शंभर फुटांवर, बांबूचे तट्टे आणि पऱ्हाट्या लावून आडोसा करा, एका माणसापुरता. दुर्बीण पुरे. घरट्याजवळ जाऊन मोबाइलवर फोटो काढू नका. तुमच्या पायांनी गवतात पडलेली वाट कावळा आणि मुंगूस दोघे वाचतात. कुणी "अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू, पिल्लं माणसाळतील" असं सुचवेल, गावात हमखास सुचवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याची अंडी वा घरटं छेडणंही शिकारीच्या व्याख्येत येतं, जमीन तुमच्या मालकीची असली तरी. एकटं पिल्लू दिसलं तर लगेच उचलू नका, तासभर लांबून बघा, आई बहुतेक वेळा जवळच गवतात असते.

किती दिवस लागतील? माझ्या अनुभवात पहिल्या पावसाळ्यात टिबुकली आणि पाणकोंबडी, दुसऱ्यात कमळपक्षी आणि चरायला येणारी हळदी-कुंकूची जोडी, घरटं तिसऱ्या-चौथ्यात. एखादी बोडी पहिल्याच वर्षी चमत्कार करते. एका बोडीवर मी सहा वर्षं थांबलोय आणि अजून थांबलेलोच आहे.

तुम्हाला काम सांगायचं तर, जेसीबी बोलावण्याआधी तीन गोष्टी कळवा. सलंग कोणत्या बाजूला आहे आणि गेल्या पावसाळ्यात पाणी त्यावरून किती दिवस वाहिलं. दूरच्या काठापलीकडे कुणाचं शेत आहे आणि तो काय पेरतो. आणि धुऱ्यावर मोहाचं झाड आहे का, असेल तर चारी बाजूंनी त्याचे फोटो पाठवा. ढोली असेल तर त्या काठाला हात लावायच्या आधी बोलू.